वहिनीच्या क्विल्टची बॉर्डर सहा इंच आखूड पडली, त्याचा हिशोब

ऑगस्टमधे एका गुरुवारी दुपारी वहिनीचा फोन आला. "अगं येऊ का तुझ्याकडे, बॉर्डर लागतच नाहीये." सदाशिव पेठेतून वारज्याला भर पावसात स्कूटरवर आली, क्विल्ट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पायाशी ठेवलेलं, स्वतः भिजलेली आणि क्विल्ट कोरडं. लाईट नव्हती, म्हणून गॅलरीत सतरंजी टाकून बसलो आणि तिनं सगळा पसारा मांडला.

क्विल्ट भाचीच्या लग्नात द्यायचं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, म्हणजे वेळ होता पण फार नाही. मधला भाग तयार होता, १२ इंची वीस ब्लॉक म्हणजे मोठे चौकोन, आडवे चार आणि उभे पाच, त्यातले बरेचसे आमच्या आईच्या जुन्या सुती साड्यांचे. ब्लॉकांच्या मधे २ इंची मरून पट्ट्या. बाहेरून ४ इंची बॉर्डर लावायची होती, निळा इंडिगो प्रिंट आणि मांजरपाट असे दोन त्रिकोण जोडून केलेल्या चौकोनांची. बॉर्डरच्या चारही ओळी तिनं शिवूनच आणलेल्या, आडव्या बाजूला १२ चौकोन आणि उभ्या बाजूला १५. आणि त्या आखूड होत्या, थोड्याथोडक्या नाही, वरची ओळ ६ इंच कमी आणि उभी ८ इंच कमी.

मला आधी वाटलं शिलाई जाड घेतली असेल. एका चौकोनात अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेलं तरी ओळीत इंचभर मार खातो माणूस. म्हणून एक सुटा चौकोन मोजला तर बरोब्बर साडेचार. ओळीतला शिवलेला चौकोन मोजला, ४ इंच. एकदम स्वच्छ काम. म्हणजे हात बरोबर होता, चूक कागदावर होती.

विचारलं १२ आणि १५ कुठून आणलेस. तर म्हणाली दोन्हीकडून पडताळून घेतलंय! मूळ डिझाईनमधे पण १२ आणि १५ च होते आणि मी परत भागाकार केला, साडेचोपन्न भागिले साडेचार म्हणजे बारा पूर्णांक थोडंसं, साडेअडुसष्ट भागिले साडेचार म्हणजे पंधरा पूर्णांक थोडंसं, ते थोडंसं शिवणीत जाईल म्हणून सोडून दिलं.

हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसले कारण खरंच विचित्र योग होता. मूळ डिझाईनमधे मधल्या पट्ट्याच नव्हत्या. तिथे मधला भाग ४८ बाय ६० चा, म्हणून ४ नं भागल्यावर १२ आणि १५. वहिनीनं मोठं हवं म्हणून २ इंची पट्ट्या घातल्या, रुंदीत तीन आणि लांबीत चार, म्हणजे रुंदी झाली ५४ आणि लांबी ६८. बॉर्डरचा आकडा इथेच बदलायला हवा होता. तो बदलला नाही कारण तिनं भागाकार केला तो साडेचारनं, म्हणजे माया (शिवणीत आत जाणारं जादा कापड) धरलेल्या मापानं, आणि त्या चुकीच्या भागाकाराचं उत्तर नेमकं जुन्या आकड्यांशी जुळलं. दोन चुका एकमेकींच्या साक्षीदार झाल्या. हिच्या जागी कुणीही असतं तरी विश्वास ठेवला असता, मी पण ठेवला असता.

आता साडेचारनं का भागायचं नाही ते. चौकोन सुटा असतो तेव्हा चारही बाजूंना पाव इंच माया असते, म्हणून साडेचार. शेजारच्याला जोडला की दोघांची मिळून अर्धा इंच आत जाते. बारा चौकोनांत जोड अकरा, म्हणजे साडेपाच इंच कापड मागच्या बाजूला गेलं. बारा गुणिले साडेचार ५४, त्यातून साडेपाच गेले, उरले साडेअठ्ठेचाळीस. मधल्या भागाची कच्ची कड, म्हणजे मायेसकट, साडेचोपन्न. फरक बरोबर सहाचा. उभ्या बाजूला पंधरा चौकोन, चौदा जोड, सात इंच गेले, साडेसदुसष्टचे साडेसाठ राहिले, आणि हवे होते साडेअडुसष्ट. आठचा फरक.

त्यामुळे माझा नियम असा की कागदावर माया आणायचीच नाही. सगळा हिशोब तयार मापात करायचा, म्हणजे शिवून झाल्यावर डोळ्यांना दिसेल त्या मापात, आणि माया कात्री हातात घेताना प्रत्येक तुकड्याला वेगळी चढवायची. ब्लाऊज शिवणाऱ्या बायका हेच करतात, छातीच्या मापात कुणी माया मिसळून वहीत लिहीत नाही.

दुसरी सवय म्हणजे सूत. माझे सासरे फर्निचरचं काम करायचे, त्यांच्या तोंडी कायम सूत. एक इंचाचे आठ सूत. क्विल्टच्या इंग्रजी तक्त्यात ते सातअष्टमांश वगैरे असतं ना, ते सूतात घेतलं की अपूर्णांक उरतच नाहीत, पाव इंच म्हणजे २ सूत, अर्धा म्हणजे ४, बेरीज-वजाबाकी तोंडी होते. वहिनी शाळेत गणित शिकवायची तरी ती पण आता सूतातच बोलते.

तर ५४ आणि ६८. तयार मापात ४ नं भागू. ६८ ला जातो, १७ चौकोन. ५४ ला साडेतेरा. अर्धा चौकोन बॉर्डरमधे लावता येत नाही म्हणजे लावता येतो पण दिसतो. अशा वेळी सगळे जे करतात तेच वहिनीनं सुचवलं, मधे एक साधी पट्टी घालू चारी बाजूंनी सारखी, म्हणजे माप वाढून भाग जाईल.

इथे मी तिला थांबवलं, कारण सारखी पट्टी घालून ४ चा भाग कधीच जाणार नव्हता. एक इंची घाला, दोन इंची घाला, लांबी आणि रुंदी दोन्ही सारख्याच वाढतात, त्यांच्यातला फरक १४ चा तो १४ च राहतो. दोन्ही आकड्यांना ४ नं भाग जायचा तर फरकालाही जायला हवा, आणि १४ ला ४ नं जात नाही. हे एकदा कळलं की पट्टीची रुंदी शोधत बसायला लागत नाही, आधी लांबीतून रुंदी वजा करायची आणि तेवढाच आकडा बघायचा. १४ ला कशानं भाग जातो, २ नं, साडेतीननं, ७ नं. दोन इंची चौकोन फार किरकोळ, सात इंची बोजड, पण साडेतीन मस्त बसतो. चारी बाजूंनी १ इंची पट्टी, ५६ बाय ७०, साडेतीननं भागलं की १६ आणि २०. इतकं सुंदर उत्तर की मी त्याच्या प्रेमातच पडले. मूळ डिझाईनमधे ६० आणि ४८ चा फरक १२ होता, त्याला ४ नं जातो, म्हणून तिथे ४ चा चौकोन चालत होता. पट्ट्या घातल्यावर फरक बदलला तिथे चौकोनाचं मापही बदलायचं होतं.

वहिनी म्हणाली मग आता हे चोपन्न चौकोन टाकून देऊ का. टाकायची गरज नव्हती, सगळ्या ओळी उसवून प्रत्येक साडेचारचा चौकोन छाटून ४ चा करता आला असता, तयार माप साडेतीन. छाटताना मधली तिरकी शिवण कोपऱ्यातून कोपऱ्यात राहील हे बघावं लागतं, नुसती एका बाजूनं अर्धा इंच पट्टी काढली की त्रिकोणाचं टोक कापलं जातं. पण हिशोब केला तर चौकोन लागणार होते ७२, होते ५४, म्हणजे १८ नवीन. आणि इंडिगोची एकच पट्टी शिल्लक होती, ५ इंच रुंद आणि ३० इंच लांब. तो प्रिंट तिनं बोहरी आळीत एका दुकानातून वर्षापूर्वी घेतलेला. आम्ही शनिवारी रविवार पेठेत जाऊन आलो, दुकानदारानं तुकडा हातात घेऊन खिडकीशी नेला आणि म्हणाला ताई हा लॉट संपला, याच्यासारखा देतो. याच्यासारखा म्हणजे शेजारी ठेवल्यावर अजिबात याच्यासारखा नसतो, निळ्यात तर नाहीच.

शिवाय मी गादीचं माप विचारलं. कुणी घेतलंच नव्हतं. साधारण क्वीन गादी ६० बाय ७८ ची असते, तशीच होती. वहिनीच्या हिशोबानं क्विल्ट ६२ बाय ७६ होणार होतं, म्हणजे लांबीला गादीपेक्षा दोन इंच आखूड! साडेतीनच्या सुंदर उत्तरानं ६३ बाय ७७, तरी एक इंच कमीच, आणि वरून क्विल्टिंगचे टाके पडले की अजून थोडं आक्रसतं. म्हणजे माझं लाडकं उत्तर या केसपुरतं बाद.

मग तिसरा रस्ता. चौकोन ४ चाच ठेवायचा आणि पट्टी चारी बाजूंनी सारखी नको, दोन मापांची घ्यायची. रुंदी ५४ ची ५६ करायची, डावी-उजवी १ इंच. लांबी ६८ ची ७२ करायची, वर-खाली २ इंच. ५६ म्हणजे १४ चौकोन, ७२ म्हणजे १८. एकूण ६४, आहेत ५४, नवीन १० च. बाराच्या ओळींना दोन-दोन, पंधराच्या ओळींना तीन-तीन. ओळी उसवायच्याही नाहीत, टोकाला जोडायचे. क्विल्ट होणार ६४ बाय ८०, गादी झाकून वर रुंदीला दोन-दोन आणि लांबीला एक-एक इंच. पट्टी वर-खाली जास्त रुंद दिसेल ही वहिनीची शंका बरोबर होती, पण पट्टी मधल्या पट्ट्यांच्याच मरून कापडाची घेतली तर ती वेगळी बॉर्डर वाटत नाही, चौकट वाटते. अगदी सुरुवातीपासून करायचं असतं तर मी हे केलं नसतं. आता मात्र हेच शहाणपणाचं होतं.

दिशेबद्दल एक. तिनं सगळे त्रिकोण एकाच दिशेला झुकवलेले. काहीजणी ओळीच्या मधोमध दिशा उलटवतात, छान दिसतं, पण त्यासाठी चौकोनांची संख्या सम लागते आणि मुख्य म्हणजे नुसती ओळ फिरवून तिरपी रेघ उलटत नाही, एकेक चौकोन सुटा करून पाव चक्कर फिरवायला लागतो. आम्ही चारही ओळी एकामागून एक चक्रीसारख्या फिरत ठेवल्या आणि विषय संपवला.

आता खरं माप. इथपर्यंत ५४ आणि ६८ हे कागदावरचे आकडे. लाईट आली, क्विल्ट जमिनीवर सपाट पसरलं आणि टेप लावला. उभं माप डाव्या कडेला ६८ इंच ३ सूत, उजव्या कडेला ६८ इंच १ सूत, आणि मधोमध ६७ इंच ७ सूत. जुन्या साड्यांचं कापड मऊ, उचलून-ठेवून कडा सैल होतात, म्हणून कडेचं माप धरायचंच नाही. कडेच्या मापानं पट्टी कापली की ती झालर होते. आडवं माप मधोमध ५४. म्हणजे कच्च्या कडांसकट साडेचोपन्न यायला हवं तिथे ४ सूत कमी आणि साडेअडुसष्टच्या जागी ५ सूत कमी. वीस ब्लॉकांच्या कामात एवढं होतंच.

ही तूट त्या साध्या पट्टीनं गिळायची, खरं तर त्यासाठीच ती पट्टी. रुंदीचं तयार माप साडेत्रेपन्न, हवेत ५६, फरक अडीच, प्रत्येक बाजूला सव्वा, त्यात माया अर्धा इंच, म्हणजे पट्टी पावणेदोन इंच कापायची. लांबीचं तयार माप ६७ इंच ३ सूत, हवेत ७२, फरक ४ इंच ५ सूत म्हणजे ३७ सूत, प्रत्येक बाजूला साडेअठरा, अधिक माया ४, साडेबावीस सूत. साडेबावीस सूत! स्केलवर सापडेल पण कापडावर कापून दाखवा कुणी. त्यापेक्षा पट्टी मुद्दाम रुंद कापायची, बाजूच्या २ इंची, वर-खालच्या ३ इंची, लावायच्या, इस्त्री करायची आणि मग सगळं मिळून हव्या त्या मापाला छाटायचं. क्रम असा ठेवला, आधी डाव्या-उजव्या पट्ट्या ६७ इंच ७ सूत लांबीच्या, कडा जरा सैल आहेत म्हणून टाचण्या जवळजवळ लावून ते सैलपण वाटून घेतलं, मग दोन्हीकडून सारखं छाटत रुंदी साडेछप्पन्न केली. त्यानंतर वर-खाली साडेछप्पन्न लांबीच्या, आणि छाटून लांबी साडेबहात्तर. कापड ४४ इंच पन्ह्याचं, वापरायला ४२ च धरावं, २ इंची चार पट्ट्या आणि ३ इंची तीन, मिळून १७ इंच, अर्ध्या मीटरमधे काम झालं.

राहिले दहा नवीन चौकोन. इथे सगळ्यांना पडणारा प्रश्न, तयार ४ चा चौकोन दोन त्रिकोणांचा असेल तर मूळ चौकोन साडेचारचा का नाही, ४ इंच ७ सूत का. हे मी वहिनीला वर्तमानपत्राच्या कागदावर दाखवलं. ४ इंची बाजूंचा काटकोनी त्रिकोण काढ आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी बाहेर २ सूत सोडून रेघ मार. काटकोनाच्या टोकाला रेघ २ सूतच पुढे जाते, पण धारदार टोकाला दोन रेघा भेटेपर्यंत ती जवळजवळ ५ सूत लांब जाते. दोन आणि पाच, सात. म्हणून तयार मापात ७ सूत मिळवायचे, चौकोन कापायचा, कर्णावर एकदा कापायचा, दोन त्रिकोण. आणि ज्या त्रिकोणाची लांब बाजू बॉर्डरच्या कडेला येते, तिथे दोन्ही टोकं धारदार, पाच आणि पाच दहा सूत, म्हणजे सव्वा इंच मिळवून चौकोन कापायचा आणि दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे. तो चौथाई प्रकार असा का, तर लांब बाजू सरळ धाग्यावर यावी म्हणून. नाहीतर कडेला उरेब, म्हणजे तिरका धागा, येतो आणि बॉर्डर च्युइंगमसारखी ताणली जाते. आमच्या बॉर्डरमधे उरेब फक्त आतल्या तिरक्या शिवणीत होता, बाहेरच्या कडा सरळ धाग्याच्या, म्हणून चिंता नव्हती.

दहा चौकोनांना इंडिगोचे पाच आणि मांजरपाटाचे पाच तुकडे, एका जोडीतून दोन चौकोन निघतात. ३० इंचात ४ इंच ७ सूतचे सहा बसत होते, एक राखीव. तो राखीव मीच वाया घालवला, स्केल ठेवताना सातऐवजी पाचव्या सूताच्या रेघेवर कटर फिरवला. वहिनी काही बोलली नाही, फक्त स्केलवर सातव्या सूतावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि कटर स्वतःकडे घेतला. पाच तुकडे तिनंच कापले, शेवटी एक इंच उरला.

पुढचं काम पटकन झालं. अठरा चौकोनांची ओळ आधी टेबलावर मोजली, एक ७२ इंच ६ सूत भरली, हवी साडेबहात्तर. दोन सूत जास्त. ओळ ओढून किंवा कोंबून लावायची नाही, चार जोडांत केसाएवढी जास्त टीप मारली, प्रत्येकी पाव सूत दोन्ही कापडांत, म्हणजे जोडाला अर्धं सूत, आणि जमलं. दुसरी बरोबर होती. त्या दोन ओळी डावी-उजवीकडे, मग चौदाच्या ओळींच्या दोन्ही टोकांना साडेचारचे साधे मरून चौकोन, ती झाली साडेचौसष्ट, आणि क्विल्टची रुंदीही तेव्हा साडेचौसष्टच, टोकं टोकांवर बसली. वहिनीनं चारही कोपरे दोनदोनदा मोजले.

आईला दाखवायला नेलं. तिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या, जागा दिसेल तिथे ठिगळ, धावदोरा आणि पुढे. आमचा सगळा हिशोब ऐकून घेतला, कोपऱ्यापासून हात फिरवत बॉर्डरवर आली आणि विचारलं, "वरची पट्टी बाजूच्या पट्टीपेक्षा रुंद का गं?"